तीन नंबरची खोली

सहलीला निघायचं तर माणसं आधी कुठं जायचं ते ठरवतात, मग कधी, मग कसं, आणि शेवटी राहायचं कुठं. आमच्या घरी सगळं उलटं झालं. राहायचं कुठं एवढंच तेवढं ठरलेलं होतं, माझ्या लहानपणापासून ठरलेलं होतं, आणि त्यापायी बाकी काहीच ठरत नव्हतं.

बाबा सरकारी खात्यात कारकून होते. आजोबा नांदेडकडून हैदराबादला आले आणि मलकपेठेत राहिले; बाबांचा जन्म इथलाच, नोकरीही इथलीच. त्यांच्या खात्याचं किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात गेस्ट हाउस होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही आणि खात्याचंही लिहीत नाही. त्या गेस्ट हाउसच्या चार खोल्या कुणाला, कोणत्या तारखेला द्यायच्या, हे काम सव्वीस वर्षं बाबांच्या टेबलावर होतं. आबिड्सजवळच्या ऑफिसात बसून ते समुद्राकाठच्या खोल्या वाटायचे. आई म्हणायची, उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा.

टेबलावरच्या काचेखाली त्या बंगल्याचा निळा नकाशा असायचा. मी शाळेत असताना कधी ऑफिसात गेले की बाबा त्यावर बोट ठेवून मला खोल्या दाखवायचे. एक आणि दोन मागच्या बाजूला, विहिरीकडे. तीन आणि चार पुढं. त्यातही तीन नंबर कोपऱ्यातली, दोन बाजूंना खिडक्या, समोर व्हरांडा आणि व्हरांड्यापुढं थेट पाणी. सकाळचं ऊन पलंगापर्यंत येतं, हे बाबा असं सांगायचे की जणू तिथून आत्ताच उठून आलेत. तीन नंबर फक्त मोठ्या साहेबांना. आमच्या घरात चांगल्या गोष्टीला ‘तीन नंबर’ म्हणायची पद्धतच पडली होती. सुलतान बाजारातून आणलेलं कापड चांगलं निघालं तरी आई म्हणायची, एकदम तीन नंबर.

बाबांनी ते गेस्ट हाउस कधी पाहिलं नव्हतं. नियमच तसा होता. गॅझेटेड दर्जाच्या खालच्या माणसाला तिथं खोली मिळत नसे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा बाबांना तो दर्जा मिळाला. त्यांनी लगेच अर्ज केला, स्वतःच्याच टेबलावर, आणि तीन नंबर स्वतःच्या नावावर लिहिली. दोन्ही वर्षी ऐन वेळी कुणी ना कुणी साहेब निघाले आणि दोन्ही वेळा बाबांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावावर रेघ मारली. मग ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी राज्यच फुटलं.

राज्य फुटून वर्ष झालं होतं तेव्हा मी जुनी का होईना, एक गाडी घेतली. तेव्हा मी चौतिशीची होते, पगार बरा होता, आणि आईनं आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. दसऱ्याला विहारात वंदना झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, विजयवाड्याहून खाली किनाऱ्याला लागायचं, चार दिवस हिंडून परत यायचं, असा साधा बेत मी मांडला. फोनवर बसून तीन हॉटेलं निवडली. एकाला पाण्यावर आलेली गच्ची होती. एकात जेवण चांगलं होतं. तिसरं स्वस्त होतं, पण स्वच्छ दिसत होतं.

“राहायचं तर गेस्ट हाउसला,” बाबा म्हणाले.

“बाबा, ते आता आंध्राचं झालं.”

“झालं असंल. बंगला तर उचलून नेला नाही ना कुणी?”

आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय, संडास साफ अन् न्हाणीला गरम पाणी. बाकी तुम्ही बाप-लेक भांडा.”

आणि आम्ही भांडलो. पुरता महिनाभर भांडलो.

बाबांचं जुनं ऑफिस तेव्हा फार विचित्र झालं होतं. हॉल तोच, पण मधोमध प्लायवूडची भिंत घातलेली. एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला आंध्र. कपाटांवर कागद चिकटवलेले, हे यांचं, ते त्यांचं. बाबांचं टेबल प्लायवूडच्या पलीकडं गेलं होतं, आणि त्याच्यासोबत काच आणि काचेखालचा नकाशाही. बाबांची पेन्शन मात्र अलीकडची.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले. अलीकडच्या माणसानं अर्ज न वाचताच परत केला.

“अंकल, वो गेस्ट हाउस उनका हो गया नं. हमारे पास अब कुछ नै.”

आम्ही भिंतीला वळसा घालून पलीकडं गेलो. बाबांच्या टेबलावर आता एक तरुण मुलगी बसत होती. ती नम्र होती, तिनं बाबांना बसायला खुर्ची दिली, आणि सांगितलं की पेन्शन तिकडची असेल तर अर्ज तिकडूनच फॉरवर्ड होऊन आला पाहिजे. आम्ही पुन्हा अलीकडं. तो म्हणाला, जे आमचं नाहीच त्याचा अर्ज आम्ही फॉरवर्ड कसा करायचा? इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे प्लायवूड. इकडून बोललेलं तिकडं ऐकू जात होतं. दोघांनी नुसता आवाज चढवला असता तर काम झालं असतं. पण नाही.

बाबांना राग येत नव्हता, आणि याचाच मला राग येत होता. ते प्रत्येक वेळी घरी येऊन नवा अर्ज लिहायचे. त्यांचं इंग्रजी अक्षर फार सुंदर आहे. समास सोडून, विषय अधोरेखित करून, कोणत्या नियमाचं कोणतं कलम निवृत्त माणसालाही खोली देतं ते तोंडपाठ लिहून. मी तोवर दुसरी अर्धी रजा टाकलेली, मग तिसरी. माझ्या यादीतलं गच्चीचं हॉटेल भरलं. मग जेवणाचं भरलं. दसऱ्याच्या सुट्टीत सगळं हैदराबाद समुद्राला निघालंय असं दिसत होतं. निघत नव्हतो ते आम्हीच.

तिसरं हॉटेल भरत आलं त्या संध्याकाळी माझा तोल गेला. बाबा जेवणाच्या टेबलावर चौथा अर्ज लिहीत होते.

“समुद्र काय ऑर्डर बघून पाय ओले करू देतो का?” मी म्हणाले. “तुम्ही त्या बंगल्याचे मालक नव्हता, बाबा. तुम्ही तिथले कारकून होता. तेही इथं बसून.”

आई ताटं मांडत होती ती थांबली. बाबांनी पेनाचं टोपण लावलं.

“हौ,” ते म्हणाले. “म्हणूनच जायचंय बेटा. तुला कुठल्याबी हॉटेलात खोली मिळंल. तू फोन काढशील अन् घेशील. मला त्या रजिस्टरात माझं नाव पाहिजे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची लिहिली.”

मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून राग गेला असं मात्र नाही. दोन्ही एकदमच होते. मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रजा टाकली.

चौथ्या फेरीला काम झालं. कसं झालं ते मला आजही कळलेलं नाही. बाबांनी दिलेलं कलम त्या मुलीनं पुस्तक काढून तपासलं, ते खरंच तिथं होतं, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं आत जाऊन सही आणली. निवृत्त अमुक अमुक, सोबत कुटुंब, खोली क्रमांक तीन, तीन रात्री. बाबा ते पत्र खिशात न ठेवता हातात धरून जिना उतरले.

दसऱ्याला आईनं पांढरी साडी नेसून विहारात वंदना केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. सूर्यापेटला चहा झाला. कोदाड सोडल्यावर नवी हद्द लागली. रस्ता तोच, बोर्ड नवे. विजयवाड्याला कृष्णा ओलांडली, दुपारी भाताची हिरवी शेतं, ताडाची झाडं, कोळंबीची तळी मागं टाकत किनाऱ्याकडं वळलो. बाबा वाटभर रस्ता सांगत होते. साहेबलोक या फाट्यावरून वळायचे, त्या पुलाशी थांबायचे. सगळं ऐकीव, पण एकही फाटा चुकला नाही.

बंगला माझ्या कल्पनेपेक्षा लहान होता. पांढरा रंग उडालेला, दारात कण्हेर, आणि पलीकडं खरंच, अगदी हाकेच्या अंतरावर, समुद्र. आई गाडीतून उतरली ती चप्पल हातात घेऊन तशीच पुढं चालायला लागली. बाबा मात्र आधी वॉचमनकडं गेले. म्हातारा माणूस होता, तिथंच नोकरी करून केस पिकलेला. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी पत्र दिलं. त्यानं ते वाचलं, बाबांकडं पाहिलं आणि तेलुगूत म्हणाला, “एक नंबर उघडतो, सार. रिकामीच आहे.”

“तीन लिहिलंय,” बाबा म्हणाले.

“तीन नको, सार. तीन मागं आहे.”

बाबा हसले. साइटवरच्या माणसाला कागदातलं कळत नाही, हे त्यांना नोकरीभर माहीत होतं. ते म्हणाले, तू उघड तर खरं.

त्यानं उघडली. खोली कोपऱ्यातली होती, दोन बाजूंना खिडक्या होत्या, सगळं नकाशाप्रमाणं होतं. एका खिडकीतून विहीर दिसत होती. दुसरीतून पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत. समुद्राचा आवाज येत होता, तो घराच्या दुसऱ्या बाजूनं.

बाबा दोन्ही खिडक्यांपाशी जाऊन आले. मग व्हरांड्यातून चालत पुढं गेले, एक नंबरच्या दारासमोर उभे राहिले. तिथून पाणी दिसत होतं, त्यावरचं संध्याकाळचं ऊन दिसत होतं.

“कधी बदललं हे?” त्यांनी विचारलं.

“बदललं कुठं, सार? बांधतानाच कंत्राटदारानं उलटं बांधलं. मी आलो तेव्हापासून असंच आहे.”

“मग साहेबलोक?”

“ते येतात अन् एक नंबरला जातात. एक नंबरवर कुणी लहान साहेब असले तर त्यांना उठवून तीनला टाकतो. सगळ्यांना माहीत आहे.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

वॉचमनला बाबा कोण ते माहीत नव्हतं. तो सहज म्हणाला, “ऑफिसात कशाला कुणी सांगेल, सार? खोली तर मिळतच होती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यातले कितीतरी साहेब परत आल्यावर बाबांच्या टेबलावरून जाताना ‘फर्स्ट क्लास रूम, थँक यू’ म्हणून गेलेले मला माहीत होते. बाबा घरी येऊन आम्हाला ते सांगायचे, जेवताना, दोनदोनदा. एवढी सगळी शिकलेली माणसं आणि एकालाही उभ्या उभ्या एक वाक्य बोलायला सवड झाली नाही? मी म्हणाले, बाबा, एक नंबर घ्या. रिकामी आहे, हा देतोय, आपण काही चोरी करत नाही.

“ऑर्डर तीनची आहे.”

“साहेब बदलत होते ना?”

“ते साहेब होते.”

पालथ्या घड्यावर पाणी. मी आईला हाक मारली, तिनं सांगून पाहिलं, मग आम्ही दोघी आमच्या पिशव्या घेऊन एक नंबरला गेलो. बाबांनी त्यांची पिशवी तीनमध्येच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्यासोबत पाण्यापर्यंत आले, पाय ओले करून परत गेले आणि वॉचमनकडून जुनी रजिस्टरं मागून घेतली. तो देत नव्हता. तेव्हा बाबांनी पहिल्यांदा आपण कोण ते सांगितलं. म्हातारा खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसेचना. रजिस्टरात प्रत्येक पानावर बाबांचं ऑर्डरचं पत्र टोचून ठेवलेलं होतं, त्यांच्या सुंदर अक्षरात खोली क्रमांक तीन, आणि खाली साहेबांच्या अक्षरात खोली क्रमांक एक. बाबा एकेक पान उलटत होते. म्हणजे बाबांच्या मनात होतं तसंच सगळं होत आलं होतं. मोठ्यांना समुद्र, लहानांना विहीर. फक्त ते बाबांच्या हातून होत नव्हतं.

एका पानावर ते बराच वेळ थांबले. मी जवळ जाऊन पाहिलं. तिथं वरच्या पत्रातही तीन होतं आणि खाली सहीसमोरही तीनच.

“हा कोण?” मी विचारलं.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते घरी कधीच बोलले नव्हते. खात्यात एक ज्युनिअर इंजिनिअर नवा लागला होता, आपल्याकडचाच, परभणीचा. वर्षाच्या आत त्याच्या आईला असाध्य दुखणं निघालं. तिला एकदा समुद्र दाखवायचा होता. त्याचा दर्जा बसत नव्हता, तरी बाबांनी एका साहेबाचा अर्ज बाजूला ठेवून त्याला तीन नंबर दिली. त्याबद्दल बाबांना मेमो मिळाला, एक वेतनवाढ थांबली. तो माणूस परत आला तेव्हा पेढे घेऊन आला होता.

“त्यानं खोली बदलली नाही,” बाबा म्हणाले. “कागदावर तीन होतं, तो तीनमध्ये राहिला. त्याची आई तीन दिवस त्या टाकीकडं बघत पडली असंल. अन् पेढे आणले त्यानं. बोलला नाही काही.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. मला रडू आलं आणि रडता रडता चीडही आली, त्या कंत्राटदाराची, साहेबांची, त्या परभणीच्या माणसाच्या मुकाट्यानं राहण्याची, आणि शेजारच्या रिकाम्या खोलीत न जाणाऱ्या माझ्या बापाची.

तिसरा दिवस बाबांनी नकाशा काढण्यात घालवला. आईची कपडे वाळत घालायची दोरी घेतली, तिला हाताच्या मापानं गाठी मारल्या आणि मला दुसरं टोक धरायला लावलं. समोर एवढा समुद्र, आणि आम्ही त्याच्याकडं पाठ करून भिंती मोजत होतो. आई एकटीच पाण्यात उभी राहून आम्हाला हात करत होती. मी दोरी टाकून तिच्याकडं पळाले असते, पण बाबा प्रत्येक आकडा दोनदा वाचून घेत होते.

घरी आल्यावर त्यांनी तो नकाशा पट्टीनं कोऱ्या कागदावर नीट काढला आणि सोबत अर्ज लिहिला. मला वाचायला दिला. विषय, गेस्ट हाउसच्या नकाशातील दुरुस्ती. खाली लिहिलं होतं की खाली सही करणाऱ्यानं जागेची खातरजमा न करता सव्वीस वर्षं चुकीच्या खोल्या वाटल्या, याबद्दल तो दिलगीर आहे. मी पेन घेतलं आणि ते वाक्य खोडायला गेले.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

“चूक तुमची नव्हती.”

“सही माझी होती.”

पुढच्या सोमवारी मी आणखी एक अर्धी रजा टाकली. प्लायवूडच्या पलीकडं त्याच टेबलाशी ती मुलगी होती, काचेखाली तोच निळा नकाशा होता. तिनं बाबांचा कागद उलगडला, काचेखालच्या नकाशाशी ताडून पाहिला, अर्ज पूर्ण वाचला. मग फार अवघडून म्हणाली, “अंकल, इसपे इंजिनिअर साब की साइन होना. आपकी साइन पे मैं इसको बदल नै सकती.”

“हौ,” बाबा म्हणाले. “वैसाच रूल है.”

सव्वीस वर्षं चुकीची खोली द्यायला यांची सही चालली आणि आता बरोबर करायला चालत नाही का, असं मी मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की प्लायवूडच्या अलीकडचा माणूसही उठून बघायला आला. मुलीनं बाबांचा नकाशा पुन्हा घडी करून ठेवला. बाबांनी माझा दंड धरला, मला मागं केलं, आणि तिला म्हणाले, “बेटा, पोच दे दो.”